वसंता पुढे गेला का?

शनिवारी संध्याकाळपासून मला जेवण जात नाही. घरच्यांना आता सवय झालीय. सून पानात मोजकंच वाढते आणि विचारते, "उद्या किती माणसं?" मी आकडा सांगते आणि सांगतानाच मनात पुन्हा मोजते. कारण तो आकडा रविवारी संध्याकाळी जसाच्या तसा परत आणायचा असतो.

मी लोकांना डोंगरावर नेते. सकाळी काशिमीऱ्याहून टेम्पो ट्रॅव्हलर सुटते, दुपारी माथा, उतरताना तलाव, आणि अंधार पडायच्या आत पुन्हा हायवेला. पूर्वी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. कारखाना बंद पडला तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, हौसेने हिंडलेले डोंगर आणि मोठा आवाज. दोन्हीचा धंदा झाला. गोडदेवातले नातेवाईक अजून विचारतात, "वैशाली, चालायचे पैसे देतात लोक?" देतात. पण चालायचे नाही, काळजी करायचे. दिवसभर सगळ्यांची काळजी मी एकटी करते, म्हणून त्यांना मोकळेपणी फोटो काढता येतात.

कामाची पद्धत अगदी साधी आहे. मी सगळ्यात पुढे चालते आणि अल्ताफ सगळ्यात मागे. अल्ताफचं मीरा रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, रविवारी तो शटर पाडून माझ्याबरोबर येतो. माझ्यापुढे कोणी जायचं नाही, अल्ताफच्या मागे कोणी राहायचं नाही. आम्हा दोघांच्या मधे जे असतील ते आमचे. वाटेत जिथे फाटा फुटतो तिथे मी थांबते आणि अल्ताफ दिसल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही. लोक वैतागतात. "ताई, कितनी बार रुकेंगे?" म्हणतात. मी हसते आणि थांबते.

आम्ही नेहमी जातो त्या डोंगराचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की पुढच्या रविवारी तिथे दोन बसगाड्या जास्त लागतात. वसई मागे टाकून हायवे सोडायचा आणि आत जायचं, एवढं पुरे. पायथ्याला आदिवासी पाडा, पाड्याला लागून बांध घातलेला तलाव, आणि तलावाच्या डोक्यावर डोंगर.

मला डोंगरापेक्षा तलावाची भीती जास्त. डोंगराला लोक घाबरतात, म्हणून जपून पाय टाकतात. कातळावर माझा हात घट्ट धरून उतरलेला माणूस तलावाशी आला की बूट काढून सरळ आत चालायला लागतो. पाणी दिसायला सपाट असतं ना! खाली चिखल किती, बांधाच्या बाजूला खोली किती, ह्याचा विचार कोणी करत नाही. म्हणून घोट्याच्या वर पाणी गेलं की मी ओरडते. एका गृहस्थांनी त्यावरून नाही, पण तलावावरूनच माझ्याशी भांडण काढलं होतं. "फोटोत पाणी निळं होतं, हे हिरवं आहे," म्हणाले. जसं काही मीच रंग बदलला होता. दुसऱ्या एक बाई नवऱ्याला आमच्याबरोबर वर पाठवून दिवसभर गाडीत बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मेरे को थोड़ी ना वजन कम करना है!" असली माणसं मला आवडतात. त्यांची काळजी कशी करायची ते कळतं. चाळकेकाकांची कशी करायची, ते मात्र मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

हा प्रसंग अलीकडच्याच एका थंडीतला. काशिमीऱ्याला गाडी उभी होती. पंचेचाळिशीची एक बाई वडिलांना घेऊन आली. तिचं नाव मनीषा. वडील शशिकांत चाळके, सत्तरी ओलांडलेले, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, मूळचे रत्नागिरीकडचे. अंगाने सडपातळ, ताठ, डोक्याला टोपी. मनीषाने रस्त्यावरच खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. ते मला जरा खटकलं, पण वयस्कर माणसाला वाकायला त्रास होतो, म्हणून मी सोडून दिलं.

गाडीत बसण्याआधी मी प्रत्येकाला विचारते. बीपी, शुगर, दम, चक्कर, काही आहे का? चाळकेकाकांना विचारलं तर मनीषानेच उत्तर दिलं.

"काही नाही हो ताई. बाबांना डोंगरांची सवय आहे. तरुणपणी सगळं पालथं घातलंय त्यांनी. फक्त बोलतात कमी."

"तुम्ही नाही येत?"

"मला घरी आईला बघायचंय. तुम्ही आहात ना."

तुम्ही आहात ना! हे तीन शब्द ऐकले की माझ्या खांद्यावर कोणीतरी गोणी ठेवल्यासारखं होतं.

चढायला लागलो आणि चाळकेकाकांना बघून मी निर्धास्त झाले. काय चालायचे! लहान लहान पावलं, एकाच लयीत, तोंड मिटलेलं, श्वास नाकाने. जुन्या चालणाऱ्याची चाल लपत नाही. त्या दिवशी माझा जीव अडकला होता मेहताभाईंमध्ये. हे भाईंदर वेस्टचे, बँकेत नोकरीला, देहाने भरभक्कम, आणि दर पन्नास पावलांवर "ताई, बस दो मिनट". शिवाय दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्यांना जिथे कडा दिसेल तिथे सेल्फी काढायचा होता. मी त्या तिघांवर डोळा ठेवून चालले होते.

खिंडीत थांबलो तेव्हा चाळकेकाका माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वसंता पुढे गेला का?"

मला वाटलं, आमच्यात कोणी वसंत असेल. "माझ्यापुढे कोणी नाही काका. सगळे मागे आहेत."

"बरं," म्हणाले आणि शांतपणे दगडावर बसले.

माथ्याच्या खालच्या टप्प्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "वसंता पुढे गेला का?" तोच आवाज, तेच शब्द, जसं पहिल्यांदाच विचारतायत. माथ्यावर पोचलो आणि अल्ताफने मला बाजूला बोलावलं.

"ताई, चाचा का कुछ गड़बड़ है. मेरा नाम चार बार पूछा. बोतल खोली, पानी पिया, फिर बोले मेरी बोतल किधर है. हाथ में ही थी."

डोंगराच्या माथ्यावर उभं राहून कळावं असं हे नव्हतं. गाडीजवळ कळायला हवं होतं. आता ह्यांना न्यायचं कसं, हा प्रश्न नव्हता. ते माझ्यापेक्षा छान उतरले असते. पण उतरताना ते कुठल्या सालात असतील, हे कोण सांगणार?

मी डबा घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ते खुशीत होते. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याकडे बोट दाखवून सांगायला लागले, "हे पाणी आम्ही प्यायचो. मी आणि वसंता. दर थंडीत यायचो. दोर वसंता आणायचा, खात्यातला, साहेबाला न विचारता. आणि उतरायचं मागच्या बाजूने. खाली चिंच आहे मोठी. चिंचेखाली एसटी थांबते, संध्याकाळची. ती चुकली की मुक्काम."

मी हं हं करत होते. माझे अर्धे कान त्यांच्याकडे आणि दोन्ही डोळे त्या दोन मुलींकडे, कारण त्या पुन्हा कड्याकडे सरकत होत्या. उठताना मी अल्ताफला सांगितलं, "आज तू फक्त चाचांबरोबर. शेवटी तुम्ही दोघं. त्यांचा हात सोडायचा नाही."

"पकड़ के रखता हूँ," तो म्हणाला, आणि त्याने खरंच त्यांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, म्हणजे ते त्याच्या जवळच राहतील.

खिंडीच्या थोडं वर मेहताभाईंच्या पोटरीत गोळा आला. ते वाटेतच बसले आणि कळवळून ओरडायला लागले. खाली सुट्या मातीचा घसारा होता, ते तिथून गडगडले असते. अल्ताफ धावला, त्याने त्यांना मागून मिठी मारून धरलं. मी वर आले, बूट काढला, पाय ताणला, मिठाचं पाणी पाजलं. सगळे भोवती गोळा झाले. मेहताभाई उभे राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने माणसं मोजली.

एक कमी.

पुन्हा मोजली. अल्ताफकडे बघितलं. त्याच्या खांद्यावर काकांची पिशवी तशीच होती आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"इधरच थे ताई. मेरे पीछे थे."

त्या दोन मुलींपैकी एक म्हणाली, "ते आजोबा ना? ते पुढे गेले वाटतं. कोणाला तरी हाक मारत होते."

आम्ही हाका मारल्या. डोंगराने त्या परत दिल्या. पुढे गेले म्हणजे तलावाकडे गेले, असं आम्ही सगळ्यांनी धरलं, कारण आमची वाट तीच होती. पुढे म्हणजे कुठे, हे त्यांच्या हिशेबाने कोणीच बघितलं नाही. मी मेहताभाईंना अल्ताफवर सोडलं आणि गुडघे फुटतील अशी खाली धावले. वाटभर एकच चित्र डोळ्यांपुढे येत होतं. सपाट पाणी, आणि त्यात शांतपणे, एकाच लयीत चालत जाणारा माणूस.

बांधावर पाड्यातल्या बाया कपडे धूत होत्या. मी विचारलं, "एक म्हातारे गेले का इथून? टोपीवाले?"

"गेला की एक म्हातारा," एक जण म्हणाली. "त्या झाडांकडं. पान्याच्या कडेनं."

मी पाड्याकडे तोंड करून रघूला ओरडून हाक मारली. पाड्यातला रघू भोये आमचा नेहमीचा माणूस. त्याच्या घरी आमचं जेवण असतं, चहा असतो. तो ओरडा ऐकून आला आणि काही न विचारता कामाला लागला. तलावात टायरच्या ट्यूबवर बसून मासे मारणारा एक जण होता, त्याला त्याने काठाशी बोलावलं. तो माणूस बांबूने काठाकाठाने चाचपायला लागला. बांबू आत जायचा, चिखलातून वर यायचा, आणि दर वेळी माझं काळीज तळाला जाऊन परत यायचं. आमची माणसं उतरून आली. त्या दिवशी एकानेही बूट काढले नाहीत.

तेवढ्यात झाडांमागून एक म्हातारा आला. टोपी होती, हातात काठी होती, मागे शेळी होती. पाड्यातलाच.

"ह्योच!" ती बाई म्हणाली.

म्हणजे चाळकेकाका तलावाकडे आलेच नव्हते. आनंद मानावा की छाती पिटावी, मला कळेना. पाण्यात नाहीत, पण मग कुठे आहेत? सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला होता.

रेंज फक्त बांधाच्या टोकाला येते. तिथे उभी राहून मी मनीषाला फोन लावला. असा फोन मी कधी केला नव्हता. काय झालं ते सरळ सांगितलं.

"ताई, मी तुम्हाला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "त्यांना विसरायला होतं. दोन वर्षं झाली. रोज पहाटे बूट हातात घेऊन दारात उभे राहतात, डोंगरावर जायचंय म्हणतात. मी बाहेरून कुलूप लावते हो दाराला. माझ्या बापाला मी कुलूप लावते. एकदा जाऊन येऊ दे म्हटलं." ती रडायला लागली. "पण सांगितलं असतं तर तुम्ही नेलं असतंत?"

नेलं नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"मनीषा, वसंता कोण?" मी विचारलं.

"वसंतकाका? बाबांचे मित्र. गेले ते, खूप वर्षं झाली. बाबांना पटत नाही. म्हणतात, तो पुढे गेलाय, एसटीपाशी भेटेल."

एसटी! माथ्यावर अर्ध्या कानाने ऐकलेलं सगळं एकदम उभं राहिलं. मागची बाजू. मोठी चिंच. संध्याकाळची गाडी. खिंडीतून आम्ही डावीकडे तलावाकडे वळतो, ते उजवीकडे वळले होते. त्यांच्या लेखी तीच घरची वाट होती. चुकले असतील तर आम्हीच.

मी रघूला सांगितलं. त्याने डोंगराकडे बघितलं आणि मान हलवली. "ताई, ती वाट आता न्हाय. मागं दगडाची खाण हाय. अर्धा डोंगर कापून नेला. वाट वरून येते आनि खाणीच्या तोंडावर तुटते."

अल्ताफ पाड्यातल्या एकाला घेऊन तसाच पुन्हा वर निघाला. पाणीसुद्धा प्यायला नाही. बाकीची माणसं रघूच्या अंगणात थांबली, त्यांना सांभाळायचं मेहताभाईंनी आपण होऊन अंगावर घेतलं. "आप जाओ ताई, इधर मैं हूँ," म्हणाले. लंगडत होते, पण आवाजात जोर होता. मी रघूच्या मोटारसायकलवर मागे बसले. डोंगराला वळसा घालून जाणारा रस्ता कच्चा आणि लांबचा. धूळ डोळ्यांत जात होती. मी पुटपुटत होते, बसा कुठेतरी, काका, बसा. थकून बसा.

रविवार असल्यामुळे खाण बंद होती. राखणदार म्हणाला, इधर कोई नहीं आया. आम्ही आत गेलो आणि मी वर बघितलं. समोर डोंगराचा उभा काप होता, तीनमजली इमारतीएवढा, गोरा, ताजा. त्याच्या वरच्या काठाला माती आणि सुकलेलं गवत. आणि त्या गवतात, काठापासून अगदी थोडं आत, चाळकेकाका बसले होते.

मी ओरडले, "काका!"

ते उठले. कोण हाक मारतंय ते बघायला पुढे आले. त्यांच्या पायाखालची माती सुटली आणि चार खडे टणटण करत खाली आमच्या पुढ्यात पडले.

"बसा! काका, खाली बसा!"

ते बसले नाहीत. कपाळावर हात धरून खाली बघत राहिले. रघू एव्हाना बाजूच्या काटेरी रानातून वर घुसला होता. त्याला वर पोचायला वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ ह्या माणसाला जागेवर ठेवणं माझं काम होतं. माझं त्यांनी का ऐकावं? मी कोण, हे त्यांना आठवतही नसणार.

"चाळके!" मी आवाज बदलून ओरडले. "वसंताने सांगितलंय, तिथेच बसून राहा! तो वरून येतोय!"

"वसंता?" त्यांचा आवाज आला. "तो पुढे गेलाय ना?"

"नाही, मागे राहिलाय! दोर आणायला गेला! तुम्ही बसा, नाहीतर चुकामूक होईल!"

ते बसले. पाय पुढे पसरून, आरामात. मी श्वास घेतला.

"एसटी गेली का हो?" त्यांनी वरून विचारलं.

"थांबवून धरलीय!"

"कंडक्टर ऐकतोय?"

"ओळखीचा आहे!"

"हां, मग ठीक आहे." थोडं थांबून म्हणाले, "इथे वाट होती. कोणी नेली?"

ह्याला काय उत्तर देणार! मी म्हटलं, "दुरुस्ती चालू आहे." राखणदार माझ्याशेजारी हात जोडून उभा होता, त्याला काही कळत नव्हतं पण सगळं कळत होतं. मी बोलत राहिले. डब्यात काय होतं विचारलं, साहेब कसा होता विचारलं. ते मजेत सांगत होते आणि मी गवतात रघूचं डोकं कुठे दिसतंय ते बघत होते. कधी नव्हे ते माझा मोठा आवाज मला पुरत नव्हता, घसा फाटत आला होता.

शेवटी रघू त्यांच्या मागे दिसला. तो पोटावर सरपटत पुढे आला आणि त्याने त्यांचा दंड घट्ट धरला. काकांनी वळून बघितलं. वरचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"वसंता! किती उशीर रे!"

रघूने दुसरा हातही त्यांच्या दंडाला घातला. मग म्हणाला, "हो. झाला उशीर. चला."

अल्ताफही वरून येऊन त्यांना मिळाला. दोघांनी मिळून काकांना वळसा घालून खाली आणलं. काकांच्या अंगावर चार ओरखडे होते, बाकी काही नाही. गाडीत ते खिडकीला डोकं टेकून झोपले. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि काशिमीरा येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. मागे कोणी गाणी म्हटली नाहीत, एरवी परतताना म्हणतात.

मनीषा रस्त्यावर उभी होती. तिने त्यांना दोन्ही हातांनी धरलं. ते तिला म्हणाले, "छान झालं आज. फक्त वसंता फार काळवंडलाय गं. उन्हात हिंडतो."

आता मी गाडीजवळ आणखी एक प्रश्न विचारते, आत्ता मी माझं नाव काय सांगितलं? ज्याला विचारायचा त्यालाच विचारते, घरच्यांना नाही, आणि मग वेगळं काहीतरी बोलून पुन्हा तोच विचारते. उत्तर जमलं नाही तर नेत नाही. अशी काही माणसं मी परत पाठवलीयत. त्यांचे मुलगे, मुली माझ्याकडे ज्या नजरेने बघतात तिच्यात मनीषाचा फोनवरचा प्रश्न असतो. त्या रविवारी मला दिवसभर वाईट वाटत राहतं, तरी मी माघार घेत नाही.

मनीषाचा पुढच्या थंडीत फोन आला. "वर नको ताई. नुसतं लांबून दाखवूया का?" मी आधी नाही म्हटलं. मग अल्ताफशी बोलले. एका बुधवारी आम्ही चौघं गेलो, मी, अल्ताफ, मनीषा आणि काका. बांधावर कोणी नव्हतं. काका बरेच खंगले होते, पावलं लहानच होती पण लय गेली होती. मी त्यांच्या शर्टाची बाही धरून उभी होते, कारण पुढे पाणी होतं. समोर तो सगळा डोंगर उन्हात स्वच्छ दिसत होता, खिंड, कातळ, माथा.

काकांनी तो बराच वेळ बघितला.

"हा कुठला डोंगर?" त्यांनी मला विचारलं.

मी नाव सांगितलं.

"बरा दिसतोय," ते म्हणाले. "एकदा चढायला हवा."

मनीषाने तोंड फिरवलं. काकांनी पाण्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं, आणि मी बाही आणखी घट्ट धरली.